ज्वारीच्या पिठाला कागदी सॅक टिकेल का? क्राफ्ट पेपर, गोण्या, खोकी वगैरे

जोडभावीकर

नमस्कार मंडळी. आमचा ज्वारीच्या पिठाचा छोटा धंदा आहे. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी घेतो, इथं सोलापुरात दळून पुण्या-मुंबईला पाठवतो. आत्तापर्यंत २५ किलोचा माल पीपीच्या (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकच्या) विणलेल्या गोणीत, आतून प्लॅस्टिकची पिशवी, आणि ५ किलोचं पाकीट साध्या प्लॅस्टिकचं असं चालू आहे. आता पुण्यातल्या एक दुकानवाल्या ताई मागं लागल्यात की तपकिरी कागदी पिशवीत द्या, गिऱ्हाईक तेच मागतंय. चौकशी केली तर डोकं चक्रावलं. एक जण म्हणतो १२० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमचा) एक थर बास, दुसरा म्हणतो ८० चे दोन थर घ्या, तिसऱ्यानं फोनवर पहिलाच प्रश्न विचारला "बीएफ किती पायजे?" आता मी पीठवाला, मला काय कळतंय त्यातलं. २५ किलोला कागद टिकेल का, आणि टिकणार असेल तर दुकानदाराला नेमकं काय विचारायचं, जाणकारांनी सांगा. ५ किलोचंही सांगितलंत तर बरं.

बाळीवेस_बॉय

कागदाची सॅक आणि आपल्या यार्डातले हमाल. शुभेच्छा बे तुला.

हुरडा_पार्टी

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. पीठ कसं किलो?

गोदामराव

बाळीवेसनं चेष्टेत सांगितलं पण मुद्दा बरोबर आहे. माझं ट्रान्सपोर्टचं काम आहे, त्यामुळं गोणी फाटली की शिव्या मलाच बसतात. तागाच्या पोत्याला हूक मारला तर विण बाजूला सरकते, हूक काढला की पुन्हा बरीचशी जागेवर येते, दाणे फार सांडत नाहीत. पीपीच्या गोणीला हूक मारला तर पट्ट्या तुटून चीर पडते पण ती तेवढ्यावर थांबते. कागदाला हूक लागला की संपलं, गाडी हलत राहते तसं ते भोक लांबत जातं. त्यात पीठ म्हणजे सगळ्यात वाईट, गव्हाचे दाणे गोळा करून परत भरता येतात, पिठाचं काय करणार. म्हणून कागदी सॅकवाला माल असला तर आम्ही तोलणार-हमालांना आधी सांगतो की हूक नको, दोघांनी पोटाखालून हात घालून उचला. ऐकतात, पण पहिल्या चार-सहा गोण्यांना. नंतर सवय.

आणि गाडीचा फाळका बघा. पत्र्याची एक किनार वर आलेली असली किंवा खिळा असला तर गोणीला काही होत नाही पण कागद तिथंच कापतो. खाली पुठ्ठा नायतर जुनं पोतं अंथरायचं.

लगदा_आणि_मी

मी वापीकडे कागदाच्या मिलमध्ये बरीच वर्षं काढली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं जा.

पहिली गोष्ट, बाजारात "क्राफ्ट" म्हणून जे मिळतं त्यात दोन वेगळ्या जाती आहेत आणि दुकानदार दोन्हीला एकच नाव लावतो. एक खोक्याचा क्राफ्ट. आपल्याकडे तो जास्त करून रद्दीपासून, जुन्या खोक्यांपासून बनतो. दुसरा सॅक क्राफ्ट, हा खास पोत्यांसाठीचा, चीड-देवदारासारख्या सूचीपर्णी झाडाच्या नव्या लगद्यापासून बनलेला. त्या झाडाचा तंतू साधारण ३ मिमी लांब असतो, निलगिरीसारख्या झाडाचा जेमतेम १ मिमी. तंतू लांब असला की एकमेकांत जास्त ठिकाणी अडकतो, म्हणून फाटायला जोर लागतो. रद्दीचा कागद प्रत्येक वेळी पाण्यात भिजवून, घुसळून परत बनवला की तंतू तुटत-झिजत जातो. त्यामुळं दिसायला दोन्ही तपकिरीच, पण हातानं कोपरा फाडून बघा, सॅक क्राफ्टची फाट केसाळ येते, तंतू बाहेर आलेले दिसतात, रद्दीचा कागद बिस्किटासारखा सरळ तुटतो. दुकानात उभं राहून करता येणारी ही सगळ्यात सोपी परीक्षा.

दुसरी गोष्ट, बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर. कागदाला एका जागी गोल दाब देऊन फोडायचा, किती दाबाला फुटला ते जीएसएमनं भागून हजारानं गुणायचं. खोक्याला हे माप चालतं. पोतं मात्र असं फुटत नाही, पोतं पडतं. खांद्यावरून २५ किलो जमिनीवर आपटलं की आतला माल चहूबाजूंनी रेटा देतो. तेव्हा कागद किती कडक यापेक्षा तुटायच्या आधी किती ताणला जातो आणि तेवढ्या वेळात किती ऊर्जा पचवतो हे महत्त्वाचं. मिलवाले त्याला टीईए म्हणतात. साधा कागद यंत्राच्या दिशेनं दीड-दोन टक्के ताणला जातो, सॅकसाठी खास बनवलेला सहा-सात टक्क्यांपर्यंत जातो. ओला असतानाच रबरी पट्ट्यावर तो किंचित चुरगळून आवळतात (क्लूपाक म्हणतात त्या पद्धतीला), डोळ्याला ते दिसत नाही पण ताणलं की कळतं. तर दुकानदाराला "स्ट्रेच किती, टीईए किती" हे विचारा. तो गोंधळला तर समजा त्याच्याकडे खोक्याचाच कागद आहे.

तिसरी गोष्ट हवा. पीठ भरताना त्याच्याबरोबर हवा आत जाते, ती बाहेर पडायला कागद सच्छिद्र लागतो. नायतर सॅक फुगते, नीट रचता येत नाही आणि वरचा थर पडला की शिवण फाटते. सिमेंटच्या कागदी पोत्यांत तर हाच मुख्य प्रश्न, तिथं हवेच्या जोरानं काही सेकंदांत पोतं भरतात.

जोडभावीकर

लगदा साहेब, हात जोडले. एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. मग १६० चा एक थर घ्यायचा की ८० चे दोन? वजन तर सारखंच होतंय की.

लगदा_आणि_मी

दोन थर, डोळे झाकून. जाड कागद एकटा असला की घडीवर कडक होतो आणि तिथंच मोडतो. दोन पातळ थर एकमेकांवर घसरतात, वळतात, बाहेरच्याला ओरखडा बसला तरी आतला शाबूत राहतो. म्हणून तर दोनपासून पाच-सहा थरांपर्यंत सॅक बनतात, एक जाडजूड थर सहसा कुणी करत नाही. फक्त दोन्ही थरांच्या नळ्या नीट एकमेकांत बसलेल्या पाहिजेत. आतला थर किंचित मोठा झाला तर सगळा भार एकट्या बाहेरच्यावर येतो आणि दोन थरांचे पैसे देऊन एकाच थराचं काम मिळतं. सॅम्पल कापून आतला-बाहेरचा घेर टेपनं मोजा.

खोकेबहाद्दर

लगदा साहेबांचा आदर ठेवून थोडी असहमती. बीएफला एवढं खाली पाडू नका, आमचं पोट त्यावर आहे :) अक्कलकोट रोडला खोकी बनवतो. ५ किलोचं पाकीट पुण्याला जाणार म्हणजे सुटं थोडंच जाणार, खोक्यातच घालून जाणार, तिथं बीएफ लागतोच.

हिशोब असा. १८ बीएफ, १२० जीएसएमचा कागद म्हणजे १८ गुणिले १२० भागिले हजार, २.१६ किलो प्रति चौरस सेंमी. ५ प्लायच्या खोक्यात तीन सपाट कागद आणि दोन नालीचे (नागमोडी). सपाट कागदाचा पूर्ण धरायचा, नालीचा निम्मा. म्हणजे ६.४८ अधिक २.१६, झाले ८.६४. चार पाकिटांच्या २० किलोला हे आरामात चालतं. कुणी तुम्हाला नुसतं "५ प्लाय आहे साहेब" सांगून विकत असेल तर कागद कुठला, बीएफ-जीएसएम किती ते बिलावर लिहून घ्या. ५ प्लाय १६ बीएफ १०० जीएसएमचाही होतो आणि तो हातानं दाबला तरी बसतो.

लगदा_आणि_मी

खोकेबहाद्दर, खोक्यासाठी बीएफ बघा, माझं काही म्हणणं नाही. पण थप्पीत खालचं खोकं दबतं ते बर्स्टमुळं नव्हे, कडेची ताकद कमी पडते म्हणून. भार सगळा चार कोपऱ्यांवर येतो. म्हणून खोकी एकावर एक कोपऱ्याला कोपरा लावून रचायची, विटांच्या बांधकामासारखी आडवी-उभी रचली की दिसायला पक्की दिसतात पण ताकद बरीच जाते.

खोकेबहाद्दर

हे मात्र शंभर टक्के. गोदामरावांनी वाचावं.

गोदामराव

वाचलं. गाडीत आडवी-उभी रचली नाही तर वळणावर थप्पी कोसळते, ते पण लिहा की. घाटात तुम्ही बसा मागं.

खोकेबहाद्दर

बरं, वरच्या एक-दोन ओळी आडव्या घ्या, खालच्या सरळ. मधला मार्ग.

उन्हाळ्याचं राहिलं. आपल्याकडे एप्रिल-मेत ४३-४४ डिग्री, हवा कोरडी ठक्क. कागदातला ओलावा उडतो आणि खोकं घडी घालताना रेघेवर तडकतं, वरचा कागद चक्क फाटतो. गिऱ्हाईक म्हणतं कागद हलका लावला. कागद तोच असतो. त्या दिवसांत आम्ही रीळ असलेल्या खोलीत ओली पोती टांगतो, जमिनीवर पाणी मारतो, आणि घडीची रेघ जरा रुंद पाडतो. कागदी सॅकलाही हेच लागू, मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सॅक ठेवू नका. कोरडी सॅक कडक होते आणि पडली की फुटते.

टॉवेलशेठ

आमचं उलटं दुखणं. टॉवेलचा माल इथून कोरड्या हवेत पॅक होऊन न्हावा शेवा बंदराला जातो आणि जुलैत तिथं चार-आठ दिवस पडून राहतो. दमट हवेत ९० टक्के आर्द्रतेला खोक्याची थप्पी पेलायची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. इथं उभं राहून उडी मारली तरी न दबणारं खोकं तिथं पोट काढून बसतं. आणि टॉवेल स्वतः ओल ओढतो ते वेगळंच. आम्ही ७ प्लाय घेतो, आत पॉलिथिनचा थर, आणि सिलिका जेलच्या पुड्या. पीठवाल्यांनी पावसाळ्यात मुंबईला माल पाठवताना हे डोक्यात ठेवा.

अवांतर: आपल्या गावात क्राफ्ट कागद सगळ्यात जास्त कुठं दिसायचा तर सुताच्या कोनांत. गुलाबी, पिवळे, हिरवे टोक असलेले कागदी कोन. रिकामे झाले की पोरं तोंडाला लावून भोंगा वाजवत फिरायची. थरावर थर चिकटवून गुंडाळलेला कागद, पण सूत भरताना मिनिटाला शेकडो मीटर दोरा ओढला जातो तरी दबत नाही.

बाळीवेस_बॉय

आणि जेकार्ड मागाचे पुठ्ठे? भोकं पाडलेले, दोऱ्यानं ओवलेले. चादरीवरचा मोर त्या पुठ्ठ्यातून यायचा. आमच्या आजोबांकडं गठ्ठे होते, आजीनं चुलीला घातले.

टॉवेलशेठ

अरेरे. ते पुठ्ठे आता कुणी मागितले तर बघायलापण मिळत नाहीत, सगळं इलेक्ट्रॉनिक झालं. आजीला नमस्कार सांग.

कडक_भाकरी

मी शेंगा चटणी आणि कडक भाकरी घरून करून विकते, त्यामुळं ५ किलोच्या पाकिटाबद्दल दोन शब्द. जोडभावीकर दादा, ते सुंदर तपकिरी उभं राहणारं पाऊच मिळतं ना, झिप असलेलं, खिडकी असलेलं, ते कागद नाही. वरून क्राफ्टचा पातळ थर, आत चंदेरी फिल्म, त्याच्या आत प्लॅस्टिक, तिन्ही एकमेकांना चिकटवलेले. कोपऱ्याला पाण्यात भिजवून सोलून बघा. मला चटणीसाठी तेच घ्यावं लागतं कारण साध्या कागदात शेंगाचं तेल सुटतं आणि दोन दिवसांत बाहेरून काळा डाग दिसतो, ताजी चटणी दिली तरी गिऱ्हाईकाला वाटतं जुनी आहे. पण मी त्यावर "इको फ्रेंडली" छापत नाही. भंगारवाला ते पाऊच घेत नाही, कागदवालापण घेत नाही, प्लॅस्टिकवालापण घेत नाही.

कडक भाकरीला वेगळाच त्रास, ती हवेतली ओल ओढून वातड होते आणि धक्का लागला की चुरा होते. तिला आत प्लॅस्टिक आणि बाहेर कडक खोकं दोन्ही लागतं. पिठाला तसं नाही, तुम्हाला खरा कागद चालेल असं वाटतं.

सात_रस्ता

ताई +१. सगळ्या तपकिरीला हिरवं समजायची फॅशन झालीय.

नियमावली

थोडं कायद्याचं. अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरायला एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत मनाई आहे. कागदी पिशवी घेताना आतला थर रद्दीचा नको हे त्याच अंगानं बघा. रद्दीतून आलेल्या शाईतली खनिज तेलं कागदात राहतात आणि कोरडं पीठ ती ओढून घेतं. आतला थर नव्या लगद्याचा आणि अन्नासाठी चालणारा आहे असं पुरवठादाराकडून लेखी घ्या.

दुसरं, कुणी म्हणेल प्लॅस्टिकबंदी आहे म्हणून कागद घ्या. महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आणि नंतर केंद्रानं कॅरीबॅगची जाडी आधी ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली, ते सगळं मुख्यतः पिशव्या आणि एकदाच वापरायच्या वस्तूंबद्दल. पीपीच्या विणलेल्या गोणीवर बंदी नाही. त्यामुळं घाबरून बदलू नका, बदलायचं तर कारण बघून बदला.

मार्केट_यार्ड_४

पीपीच्या गोणीला शिव्या देणाऱ्यांनी यार्डात येऊन बघावं. एक गोणी आधी साखर, मग पेंड, मग वाळू, मग गोठ्याच्या छपराला. कागदी सॅकचं काय, एकदा फाडली की संपलं. आमच्यासाठी तरी गोणीच.

लगदा_आणि_मी

@मार्केट_यार्ड_४ बरोबर आहे, परत-परत वापरायचं असेल तर कागद हरतो. पण शेवटी छपरावरची ती गोणी उन्हानं तुटून पट्ट्या होतात आणि शेतात मिसळतात हेही आपणच बघतो. कागदी सॅक रद्दीत जाते आणि तिचा लांब तंतू आमच्यासारख्या मिलला सोन्यासारखा, रद्दीच्या लगद्यात मिसळला की खोक्याच्या कागदाला ताकद येते. फक्त आतलं प्लॅस्टिक सुटं करता आलं पाहिजे, चिकटवलेलं नको.

गड्ड्याची_जत्रा

एक बाळबोध प्रश्न. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने, उसाच्या चिपाडाचे डोंगर लागलेत. त्याचा सॅक पेपर का करत नाहीत? सगळा सॅक क्राफ्ट बाहेरून का आणायचा?

लगदा_आणि_मी

प्रश्न बाळबोध नाही. चिपाडाचा कागद होतो, तमिळनाडूत करूरजवळ सरकारी मिल वर्षानुवर्षं त्याच्यावर लिहाय-छपाईचा कागद करते. पण चिपाडाचा तंतू एक-दीड मिमीचा, शिवाय त्यात मऊ भुसा असतो तो आधी वेगळा काढावा लागतो, नायतर लगद्यातून पाणी निथळत नाही. वही, ताट-वाटी याला उत्तम. ५० किलो आपटून घ्यायला कमी. आणि आता कारखाने चिपाड स्वतःच्या बॉयलरला जाळून वीज विकतात, स्वस्तात कोण देतंय. आपल्याकडे सूचीपर्णी जंगल हिमालयातच, ते कुणी तोडू देणार नाही आणि देऊही नये. म्हणून चांगला सॅक क्राफ्ट बराचसा थंड देशांतूनच येतो.

थंडीतला_सोलापूरकर

थंड देशांचा उल्लेख झाला म्हणून हजेरी. मी सध्या स्वीडनमध्ये, जवळच्या गावात क्राफ्टची मिल आहे. वारा त्या बाजूनं आला की कुजलेल्या कोबीसारखा वास येतो, गंधकाची संयुगं. इथले लोक म्हणतात तो पैशाचा वास आहे. ही पद्धत जर्मन रसायनज्ञ कार्ल डाल यानं १८७९ मध्ये डान्त्सिगला (आताचं पोलंडमधलं ग्दान्स्क) शोधली, आणि तिच्यावरची पहिली मिल १८९० मध्ये इथं स्वीडनमध्ये निघाली. लाकूड शिजवताना कॉस्टिक सोड्याबरोबर सोडियम सल्फाइड घालायचं, त्यामुळं तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन विरघळतं पण तंतू फारसा दुखावत नाही. उरलेलं काळं पाणी आटवून जाळतात, त्यातून वाफ, वीज आणि रसायनं परत मिळतात, म्हणून हिशोब बसतो. तपकिरी रंग म्हणजे मागे राहिलेलं थोडं लिग्निन.

इथं पीठ दोन किलोच्या कागदी पुड्यांत मिळतं, प्लॅस्टिक नाहीच. सिमेंटपण २५ किलोच्या कागदी सॅकमध्ये. पण पुढचं ऐका, बांधकामावर सॅक हातानं टाकत नाहीत, पॅलेटवर येते, फोर्कलिफ्टनं उतरते, आणि पाऊस आला की वर प्लॅस्टिकचा बुरखा घालतात. बटाट्याच्या सॅकला समोर जाळीची खिडकी असते, माल दिसतो आणि वारा लागतो. सोलापूरच्या कांद्याला असं कुणी केलं तर? जाळीच्या लाल पिशवीपेक्षा बरं दिसेल.

मार्केट_यार्ड_४

जानेवारीत यार्डात एका दिवशी शेकड्यानं कांद्याच्या गाड्या येतात, तिथं खिडकीची सॅक? भाऊ, तुम्ही थंडीतच राहा. हलकं घ्या.

हुरडा_पार्टी

कुणी सांगितलं नाही म्हणून मी सांगतो. ज्वारी आणि क्राफ्ट कागदाचं नातं पिठापर्यंत यायच्या आधीच जुळतं. मी ज्वारीच्या बियाण्याच्या कामात आहे. फुलोऱ्याच्या आधी निवडलेल्या कणसावर तपकिरी कागदी पिशवी चढवतात, खाली दांड्याला टाचणी मारतात, म्हणजे शेजारच्या वाणाचं परागकण येत नाही आणि वाण शुद्ध राहतो. रब्बीत आमच्या प्लॉटला आलात तर निम्मी कणसं टोपी घालून उभी दिसतील. ती पिशवी वारा, दव, चिमण्यांच्या चोची सगळं सोसते. प्लॅस्टिकची घातली तर आत घाम येऊन बुरशी लागते. तुमची मालदांडी म्हणजे मालदांडी ३५-१, स्वातंत्र्याच्या आधी आपल्याच मोहोळच्या केंद्रात निवडलेला वाण, तिचं बी आजपण असंच सांभाळतात.

डाळिंबवाला_सांगोला

आमच्याकडं फळांनापण कागदी पिशव्या घालतात की, ऊन लागून डाग पडू नये म्हणून. माझा अनुभव खोक्याचा. डाळिंबाच्या खोक्याला वारा जायला भोकं पाडावी लागतात आणि भोक पाडलं की खोकं अशक्त होतं. भोकं बाजूच्या मधोमध पाडायची, कोपऱ्याजवळ नाही. एका वर्षी स्वस्तातली खोकी घेतली होती, भोकं पार कोपऱ्याला, दिल्लीला गाडी उघडली तर खालच्या दोन ओळींचा रस. बदलली तेव्हापासून त्रास नाही. निर्यातीचं खोकं तीन-चार किलोचंच असतं, एकाच थरात फळ, त्यामुळं टिकतं.

अश्विनी_होटगी_रोड

कुणाला आठवतं का, जून महिन्यात वह्यांना खाकी कव्हर घालायला आम्ही सिमेंटच्या गोदामातून कागदी पोती मागून आणायचो. आतला थर स्वच्छ निघायचा. बाहेरचा झटकला की घरभर सिमेंट आणि आईचा ओरडा. विकतच्या खाकी कागदापेक्षा वर्षभर चांगलं टिकायचं.

कडक_भाकरी

अश्विनी ताई, आमच्याकडं पण!! वरून पाटीवर नाव लिहायला जागा नसायची, कंपनीचं छापलेलं उलटं यायचं.

सात_रस्ता

मूळ प्रश्न राहिला बाजूला, सगळे शाळेत गेले.

चक्की_नं_२

मूळ प्रश्नावर येतो. माझी पिठाची गिरणी आहे. जोडभावीकर, तुम्ही पीठ जात्यातून आल्या आल्या भरता का? दळल्यावर पीठ गरम असतं, हात घातला तर चटका बसतो. तसंच प्लॅस्टिकमध्ये बंद केलं तर वाफ आतच गार होऊन कडेला गोळे धरतात. कागदात वाफ निघून जाते पण कागद ओला होऊन खालचा तळ नरम पडतो, आणि मग तळ फाटला की कागदाला नाव. पीठ परातीसारख्या पसरट भांड्यात नायतर स्वच्छ कापडावर पातळ पसरून गार होऊ द्या, मग भरा.

दुसरं, ज्वारीच्या पिठात स्निग्ध अंश असतो, ते गव्हाच्या पिठापेक्षा लवकर कडवट होतं. त्यामुळं पाकिटावर दळल्याची तारीख मोठी लिहा आणि थोडं थोडं दळा. पिशवी कितीही भारी घेतली तरी जुनं पीठ ताजं होत नाही.

तिसरं, शिवण. सुईच्या भोकांतून पोरकिडे आत जातात. शिवणीवरून क्रेप कागदाची पट्टी लावून शिवणारी मशीन असते, तशी शिवून घ्या.

जोडभावीकर

चक्कीवाले, खरंय, गरमच भरत होतो. उद्यापासून पसरतो.

मधल्या काळात मी लगदा साहेबांनी सांगितल्याप्रमाणं दोन ठिकाणचे नमुने आणले. कोपरा फाडून बघितला, एकाची फाट केसाळ, दुसरा सरळ तुटला, आणि सरळ तुटणाराच जास्त जाड होता! तोच मला "हेवी ड्युटी" म्हणून दाखवत होते. केसाळवाल्याकडे स्ट्रेच विचारला तर त्यानं मिलनं आकडे लिहून दिलेला कागद काढून दाखवला.

आता असं ठरवलंय. ५ किलो आणि १० किलोला दोन थरांची कागदी सॅक, चौकोनी तळाची, आत चिकटवलेलं प्लॅस्टिक नाही, पावसाळ्याच्या चार महिन्यांत फक्त सुटी पातळ पिशवी आत. ५ किलोची चार पाकिटं खोकेबहाद्दरांच्या ५ प्लायच्या खोक्यात. २५ किलो हॉटेल-खानावळीला जातं, ते लोक गोणी परत देतात, तिथं पीपीच राहू द्यावी असं वाटतंय. पुण्याच्या ताईंना सांगितलं, त्यांना पटलं.

बाळीवेस_बॉय

२५ ला कागद नाहीच म्हणजे. मग मी बरोबरच होतो की बे.

गोदामराव

२५ ला पण चालेल हो, फक्त तुमचा माल तुमच्याच गाडीनं तुमच्याच माणसांनी उतरवला तर. खानावळी गोणी परत देतात म्हणल्यावर प्रश्नच नाही.

लगदा_आणि_मी

योग्य ठरवलंत. चौकोनी तळाला पेस्ट कुठली लावलीय ते बघा, दमट हवेत साध्या स्टार्चची पेस्ट सुटते. आणि पहिला लॉट आला की चार-पाच भरलेल्या सॅक कमरेच्या उंचीवरून सपाट, मग कडेवर, मग तळावर टाकून बघा, मगच मोठी ऑर्डर.

थंडीतला_सोलापूरकर

चौकोनी तळाच्या पिशव्यांचं यंत्र अमेरिकेत मार्गारेट नाइट या बाईंनी बनवलं, पेटंट १८७१ चं. एका माणसानं ती कल्पना चोरून आधीच स्वतःच्या नावावर करायचा प्रयत्न केला होता, बाईंनी कोर्टात नकाशे आणि वह्या दाखवून केस जिंकली. उगाच आठवलं.

कडक_भाकरी

उगाच नाही, छान आठवलंत.

खोकेबहाद्दर

जोडभावीकर, भरलेल्या पाकिटाचं माप पाठवा, लांबी-रुंदी-उंची तिन्ही. भरलेल्याचं हं, रिकाम्याचं नको, पीठ बसल्यावर पोट सुटतं आणि मग खोकं बंद होत नाही म्हणून लोक माझ्याच नावानं ओरडतात.

जोडभावीकर

शनिवारी भरून, रात्रभर ठेवून मग मोजतो आणि पाठवतो. बाकी ज्यांनी पिठाचा भाव विचारला त्यांना व्यक्तिगत निरोप केलाय.

हुरडा_पार्टी

मिळाला. दहा किलो लिहून घ्या, आणि शिवणीचा दोरा एका टोकाला लांब सोडायला सांगा, बायको दर वेळी कात्रीनं पिशवीच कापते.